नोटीस लावण्याआधी : कोल्हापूरच्या कारखानदार आणि व्यवस्थापकांना खुले पत्र

प्रति,
शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहत आणि शिवाजी उद्यमनगर येथील कारखानदार, संचालक व व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

उद्यमनगरात चहाला थांबलो किंवा एखाद्या लग्नात ओळखीचे कारखानदार भेटले, की हल्ली एकच तक्रार कानावर येते. यंत्र आणले, सॉफ्टवेअर घेतले, पुण्याहून सल्लागार बोलावला, बँकेचा हप्ताही सुरू झाला. पण माणसे ऐकत नाहीत. ‘आपल्याकडच्या लोकांची मानसिकताच नाही’ या वाक्यावर ती तक्रार संपते आणि बोलणे उसाच्या दराकडे वळते. मी ३४ वर्षे एका फौंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यांत लोखंड ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, काढली. १९८६ मध्ये टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी विभागात, कारकून म्हणून लागलो आणि २०२० मध्ये कार्मिक व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. त्यांतली निदान वीस वर्षे मीही हेच वाक्य बोलत होतो, आणि मालकांना ते आवडत असल्यामुळे माझे काही बिघडतही नव्हते. आज ते वाक्य मला चुकीचे वाटते. ते का, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माणसाला मुळात बदलच नको असतो हे खरे असते, तर ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचा कारखाना चालला नसता. पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, पुणे-बेंगळुरू रस्ता काही दिवस बंद पडला आणि निम्मी माणसे आपापल्या गावांत अडकली. जी पोहोचू शकली त्यांतली फेटलिंगची (ओतलेला माल घासून साफ करणारी) माणसे कोअर शॉपला (वाळूचे गाभे बनवण्याच्या विभागात) उभी राहिली, टाइम ऑफिसातला मुलगा वजनकाट्यावर बसला आणि स्टोअरकीपरने दोन दिवस सगळ्यांचे जेवण रांधले. ‘हे माझे काम नव्हे’ असे कुणी म्हणाल्याचे मला आठवत नाही. काय घडते आहे हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होते आणि काय करायचे ते ठरवताना प्रत्येकाला तोंड उघडता येत होते, एवढाच त्या दिवसांचा आणि एरवीच्या दिवसांचा फरक. हीच माणसे त्याच्या आदल्या वर्षी हजेरीच्या यंत्रावरून गेटवर अडून बसली होती.

ते यंत्र माझ्याच सहीने आले होते. जुन्या कार्डाच्या पद्धतीत एकाचे कार्ड दुसरा मारतो हे मला पक्के ठाऊक होते, म्हणून अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र बसवले आणि ‘व्यवस्थापनाच्या असे निदर्शनास आले आहे की’ या नेहमीच्या सुरुवातीची नोटीस शनिवारी संध्याकाळी फळ्यावर लावली. पहिल्याच सकाळी गेटवर रांग लागली. मोल्डर (वाळूचे साचे बनवणारे) आणि फेटलर अंगठा ठेवत आणि यंत्र प्रत्येक वेळी बाईच्या गोड आवाजात ‘प्लीज ट्राय अगेन’ म्हणे. कुणी अंगठा शर्टाला पुसला, कुणी थुंकी लावली, कुणी डोक्याच्या तेलावर घासून पाहिला. मागच्यांना उशीर झाला, उशिराची खूण पडली आणि तीन खुणांना अर्धा दिवस कापला जाण्याचा नियम असल्याने तिसऱ्या दिवशी माणसे आत यायला तयार होईनात. मी मालकांना सांगितले, ‘लबाडी बंद झाली, म्हणून हे दुखणे आहे.’ मग बैठकीत कोअर शॉपमधल्या एका कामगाराने काही न बोलता आपला उजवा हात माझ्या टेबलावर उताणा ठेवला. वीस-बावीस वर्षे वाळू आणि उष्णता सोसून त्याच्या बोटांची टोके वापरून गुळगुळीत झालेल्या पाट्यासारखी झाली होती. त्यांवर रेषाच उरल्या नव्हत्या. यंत्र बसवण्यापूर्वी आम्ही चाचणी घेतली होती. पण ती ऑफिसातल्या बारा जणांच्या अंगठ्यांवर.

म्हणजे ज्याला मी विरोध म्हणत होतो, तो यंत्राच्या दोषाचा पहिला अहवाल होता. फक्त तो टाइप केलेला नव्हता आणि वेळेवर कामावर न येण्याच्या रूपाने आला होता. माझ्या अनुभवात कामगारांच्या विरोधातला बराच मोठा भाग असाच असतो. ज्यांना बदलाखाली प्रत्यक्ष काम करायचे असते, त्यांना त्यातली खोच आपल्याआधी कळते; पण ती सांगायला त्यांच्याजवळ ना जागा असते, ना आपली भाषा. ती मग खाड्यांतून, रेंगाळण्यातून, ‘मशीन बंद पडलं’ या निरोपातून बाहेर येते.

याहून खोल एक प्रकार आहे आणि तो मला आमच्या थोरल्या मिस्त्रींकडून कळला. त्यांचे नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. हाताच्या मोल्डिंगच्या काळात वाळू तयार झाली की नाही हे तेच ठरवत. मूठभर वाळू उचलायची, आवळायची, तळहात उघडून तो गोळा दोन बोटांनी मधोमध मोडायचा आणि तुटलेली कड पाहायची. कड स्वच्छ आणि टोकदार निघाली तर वाळू ठीक. भुरभुरली तर पाणी कमी. हाताला चिकटली तर जास्त. गुऱ्हाळावर काकवी उतरवायची वेळ जशी गुळव्याच्या नजरेत असते, तशी आमची वाळू मिस्त्रींच्या मुठीत होती. नव्या मोल्डिंग लाइनबरोबर वाळूचा प्लँट आला, प्रयोगशाळा आली, डिप्लोमा झालेला एक हुशार मुलगा आला आणि मिस्त्रींच्या मुठीची गरज संपली. पगार तोच राहिला, पद तेच राहिले, बसायला खुर्चीसुद्धा मिळाली. त्यांना दिवसभर कुणी काही विचारीनासे झाले, इतकेच.

पहिल्या दोन महिन्यांत रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, वाढले. कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) अंगात वाळू अडकलेली, कडा ढासळलेल्या, पृष्ठभाग खरबरीत. आणि हे सगळे मुख्यतः दुपारच्या मालात. प्रयोगशाळेतला ओलावा मात्र रोज हवा तेवढाच. मग संशय माणसांवर. मोल्डर मुद्दाम बिघडवतात, त्यांना जुनी पद्धत परत हवी आहे, असे आम्ही वातानुकूलित खोलीत बसून ठरवले आणि दोघांना मेमो दिले. वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात ते हेच. शेवटी एका संध्याकाळी मिस्त्रींना गाठून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “वाळू गरम हाय, सायेब. दुपारच्याला हातात धरवत न्हाई.”

पूर्वी ओतकाम झाले की वाळू रात्रभर जमिनीवर पसरलेली असे आणि सकाळपर्यंत गार होई. नव्या लाइनवर तीच वाळू ओतकामातून सुटून दिवसातून कितीतरी वेळा फिरत होती आणि दुपारपर्यंत तापत होती. गरम वाळूतले पाणी साच्यात उडून जाते, मग कडा भुरभुरतात, आणि पॅटर्न (ज्यावर वाळू दाबून साचा घेतात तो नमुना) वाळूपेक्षा गार असल्याने वाळू त्याला चिकटते. प्रयोगशाळेतला मुलगा नमुना डब्यात भरून आवार ओलांडून नेई आणि तपासणीला घेईपर्यंत तो गार झालेला असे. आकडा खरा होता. साच्यातली वाळू मात्र त्या आकड्यातली नव्हती. “मग इतके दिवस बोलला का नाही?” असे मी जरा चिडूनच विचारले. “मला कुणी इचारलंय?” एवढेच त्यांचे उत्तर.

या उत्तरात राग होता, हे मान्य. दोन महिने माल फुकट जाताना पाहणे हे काही चांगल्या कामगाराचे लक्षण नव्हे, असेही कुणी म्हणेल, आणि त्या दिवशी मीही तेच म्हटले. पण ज्या माणसाची ३० वर्षांची विद्या आपण एका दुपारी निकालात काढली आणि त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही, त्याने ती विद्या आपल्या अडचणीत आपणहून पुढे करावी ही अपेक्षा कोणत्या हिशेबात बसते? यंत्र येताना आपण पगाराची हमी देतो आणि समजतो की माणसाचे काही गेले नाही. त्याच्याकडे चार लोक विचारायला येत, ते गेलेले असते. गावात त्याला ‘मिस्त्री’ म्हणत, त्या शब्दामागचे काम गेलेले असते. पगारपत्रकात याला रकाना नाही, म्हणून आपल्याला ते दिसत नाही.

यावर अभ्यास झालेला आहे आणि तो आजचा नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॅरियन या गावी पायजमे शिवणारा हार्वुड नावाचा कारखाना होता. तिथे कामाची पद्धत वारंवार बदलावी लागे, मजुरी नगावर असे, आणि प्रत्येक बदलानंतर तक्रारी, घसरलेले उत्पादन आणि नोकरी सोडणाऱ्या बायका हे ठरलेले असे. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी त्यांनी जुन्या नोंदी पाहिल्या. बदल झालेल्या कामगारांपैकी ३८ टक्केच पुन्हा ताशी ६० एककांच्या (एक एकक म्हणजे एका मिनिटाचे प्रमाणित काम) ठरलेल्या पातळीवर आल्या होत्या; उरलेल्या ६२ टक्के एक तर कायमच्या मागे पडल्या होत्या किंवा सोडून गेल्या होत्या. मग त्यांनी गट पाडले. एका गटाला व्यवस्थापनाने नेहमीप्रमाणे बोलावून स्पर्धेमुळे बदल का करावा लागतो ते सांगितले, नवा दर सांगितला, शंकांना उत्तरे दिली. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडले आणि नवी पद्धत ठरवण्यात ते सहभागी झाले. आणखी दोन लहान गटांत मात्र सगळ्याच जणी ती पद्धत आखायला बसल्या.

पहिल्या गटातल्या १७ टक्के बायकांनी पहिल्या ४० दिवसांतच काम सोडले आणि उरलेल्यांचे उत्पादन जिथे घसरले तिथेच अडकून राहिले. ज्या गटांत सगळ्या बसल्या होत्या, त्यांतून त्या काळात कुणी गेले नाही आणि त्यांचे काम पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वाढले. मला यातला सर्वांत बोलका भाग पुढचा वाटतो. पहिल्या गटातल्या उरलेल्या बायकांना अडीच महिन्यांनी पुन्हा एका नव्या कामावर घातले आणि या वेळी त्यांनाही ठरवण्यात घेतले, तेव्हा त्यांनीही तसेच काम करून दाखवले. बायका त्याच होत्या, कारखानाही तोच होता. ‘यांची मानसिकताच नाही’ असे त्यांच्याविषयी अडीच महिन्यांपूर्वी कुणीही सहज म्हटले असते.

पण यातून ‘लोकांना विचारा म्हणजे झाले’ असा सोपा अर्थ काढू नका, कारण तोही फसतो. फ्रेंच यांनी आणखी दोघांबरोबर नॉर्वेतील एका पादत्राणांच्या कारखान्यात केलेला तसाच प्रयोग १९६० मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात उत्पादनात म्हणावा तसा फरक पडला नाही. तिथे कामगारांना ज्या बाबी ठरवू दिल्या होत्या, त्या त्यांच्या दृष्टीने किरकोळ होत्या. आपल्याकडच्या सूचनापेट्यांची आठवण येते. मुख्य गोष्ट बंद दाराआड ठरवून झाल्यावर ‘युनिफॉर्मचा रंग तुम्ही सांगा’ म्हणणे कामगार लगेच ओळखतो, आणि त्याला न विचारल्यापेक्षा त्याचा जास्त राग येतो. काय ठरून गेले आहे आणि काय अजून ठरायचे आहे, हे सरळ सांगावे. ‘मशीन येणार, त्याची ऑर्डर गेली आहे, त्यावर चर्चा नाही, पण कोण कुठे उभा राहणार, पाळ्या कशा लागणार, पहिले तीन महिने मजुरी कशी धरायची, हे आपण मिळून ठरवू,’ असे बोलणाऱ्या मालकाला माणसे मान देतात.

पाळ्यांचा विषय आला म्हणून सांगतो, कारण या बाबतीत कोल्हापूरची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि बाहेरून येणाऱ्या सल्लागारांच्या ती ध्यानात येत नाही. आपला कामगार बहुधा अर्धा शेतकरी असतो. करवीर, हातकणंगले, कागल, पन्हाळा या भागांतून तो मोटारसायकलवर येतो; घरी एक-दोन म्हशी असतात, सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत दूध घालायचे असते, उसाला पाणी द्यायचे असते आणि शेतीपंपाची वीज कधी दिवसा मिळते, कधी रात्री. आम्ही एकदा पहिल्या पाळीची वेळ सातवरून सहावर आणली. कागदावर हिशेब उत्तम होता. महिनाभरात पहिल्या पाळीचे खाडे इतके वाढले, की लाइनवर माणसे उभी करणे मुश्कील झाले. आम्ही त्याला शिस्तीचा प्रश्न समजलो. तो दुधाचा प्रश्न होता. सहाला कारखान्यात हजर राहायचे तर धार काढून संस्थेत दूध पोहोचवणे जमत नव्हते, आणि घरात रोज हातात येणारा पैसा बहुधा दुधाचाच. शेवटी कामगारांनीच तोडगा काढला: ज्यांच्या घरी दूध घालायला दुसरे कुणी आहे त्यांनी सहाची पाळी घ्यावी आणि बाकीच्यांनी साडेसातची. आम्हाला हे सुचणे शक्य नव्हते, कारण कुणाच्या घरी किती म्हशी आहेत हे कार्मिक विभागाच्या कोणत्याही फाइलीत लिहिलेले नसते.

कायद्याचीही आठवण करून देतो. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९-अ ने अनुसूचीतील सेवाशर्ती बदलण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस देणे मालकावर बंधनकारक केले. त्यात कामाचे तास, विश्रांतीची वेळ, पाळ्यांमधले काही बदल आणि कामगार कमी होण्याची शक्यता असलेली यंत्रसुधारणा येते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कलम ४० मध्ये ही २१ दिवसांची तरतूद आहे. आपण बहुतेक जण ती नोटीस देतो आणि एकवीस दिवस मोजत बसतो. ते दिवस बोलण्यासाठी आहेत, असे मला निवृत्तीच्या जवळ येईपर्यंत सुचले नव्हते.

आता पैशाकडे येतो, कारण मानपानाच्या गोष्टी करून पैसा टाळणे हा लबाडपणा होईल. नवी पद्धत शिकताना प्रत्येकाचा हात काही काळ मंदावतो. नगावर किंवा उत्पादन भत्त्यावर काम असेल तर त्या मंदावण्याचा भुर्दंड कामगारावर पडतो, आणि हात बसल्यावर होणारा फायदा मुख्यतः कंपनीचा असतो. ओव्हरटाइम कमी होणार असेल तर त्यावर घेतलेला गाडीचा किंवा बहिणीच्या लग्नाच्या कर्जाचा हप्ता कसा जायचा, हा प्रश्न त्याच्या मनात पहिल्याच दिवशी येतो. उत्तर सोपे आहे आणि ते फार महागही नाही. मागील तीन महिन्यांची सरासरी कमाई शिकण्याच्या काळात लेखी हमीने द्यावी आणि यंत्रामुळे कुणाला काढणार नसाल तर तेही लेखी द्यावे. काढणार असाल तर तेही आधी सांगावे. ‘कुणालाही धक्का लागणार नाही’ असे गोडगोड भाषण करून सहा महिन्यांनी चौघांना घरी पाठवले, की पुढची दहा वर्षे त्या कारखान्यात कोणतेही भाषण चालत नाही. बैलगाडी अडली की आपण बैलांना मारतो; चाकाखालचा दगड कुणी वाकून पाहत नाही. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनीही १९४० च्या दशकात असेच काहीसे मांडले होते: बदल पुढे रेटणारा जोर वाढवला तर ताणही वाढतो, म्हणून मागे ओढणारी कारणे आधी कमी करावीत.

विरोध कामगारच करतात, हीही एक गैरसमजूत आहे. मी पाहिलेला सर्वांत चिवट विरोध सुपरवायझरचा होता. संगणकावर उत्पादनाची नोंद सुरू झाली, तेव्हा कामगारांना त्याचे काहीच वाटले नाही. पण ज्या सुपरवायझरच्या खिशातल्या वहीत खरा हिशेब असे आणि ज्याच्याकडे त्यासाठी मालकांचाही फोन येई, त्याची ती वहीच निकामी झाली. तो तोंडाने ‘होय साहेब’ म्हणे आणि संगणकात चार दिवसांचे आकडे एकदम भरे. या मधल्या माणसांना आपण सगळ्यांत शेवटी सांगतो आणि सगळ्यांत आधी जबाबदार धरतो. चहाच्या सुट्टीत कामगार त्यांनाच विचारतात, ‘हे काय नवीन?’ आणि त्यांनाही फळ्यावरच वाचून कळलेले असते. मग ते खांदे उडवतात आणि त्या खांदे उडवण्यात तुमचा प्रकल्प बुडतो. निदान आठवडाभर आधी त्यांच्याशी बोला, आणि त्यांच्या वहीचे पुढे काय, हे त्यांच्याशी एकट्याने बसून बोला.

आणि जाता जाता, रागावू नका, पण मालकांच्या घरातलाही विरोध असतोच. मुलगा शिकून येतो, त्याला सगळे एका वर्षात बदलायचे असते. वडील बैठकीत मान डोलावतात आणि संध्याकाळी शॉपमध्ये फिरताना मिस्त्रीला हळूच म्हणतात, ‘तू आपलं नेहमीसारखं कर.’ अशा कारखान्यात कामगारांना दोष देण्यापूर्वी घरातल्या जेवणाच्या टेबलावर एक बैठक घ्यावी.

सगळा विरोध शहाणपणाचा असतो असे माझे म्हणणे नाही. काही विरोध निव्वळ स्वार्थाचा असतो. भंगारात हात असलेल्याला वजनकाट्यावरचा कॅमेरा नकोच असतो, आणि त्याच्याशी सहभागाच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही. काही वेळा युनियनमधल्या दोन गटांच्या भांडणात यंत्राचा बळी जातो. तिथे बंद खोलीत बसून, काय द्यायचे आणि काय घ्यायचे ते ठरवून, सह्या घेणे हाच मार्ग असतो. आणि सुरक्षिततेच्या बाबतीत मी कधीच चर्चा केली नाही. वितळलेल्या लोखंडाजवळ चष्मा आणि लेगगार्ड घालायचे की नाही, ओलसर लेडल (वितळलेले लोखंड ओतण्याचे भांडे) भट्टीपाशी न्यायची की नाही, यावर मतदान होत नसते. तिथे सक्ती करावी आणि कारण सांगून करावी. पण तिथेही मला एक शिकायला मिळाले: आम्ही स्वस्तात घेतलेल्या चष्म्यांना पाच मिनिटांत वाफ धरे आणि समोरचे दिसेनासे होई. चष्मा न घालणारा माणूस बेफिकीर नव्हता. त्याला लेडलची धार दिसायला हवी होती. सक्ती योग्य होती, चष्मा अयोग्य होता. तेव्हा सक्ती करायची असेल तरी आधी ती वस्तू स्वतः तासभर वापरून पाहावी.

एका गोष्टीची मला आज जास्त काळजी वाटते. आपल्या फौंड्र्यांत आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडून ठेकेदारामार्फत आलेली मुले मोठ्या संख्येने आहेत. अनेक मालक मला कौतुकाने सांगतात, की ती बदलाला विरोध करत नाहीत. सांगाल तिथे उभी राहतात. खरे आहे. पण पटले नाही तर ती भांडतही नाहीत. सणाला गावी जातात आणि परत येत नाहीत, किंवा शेजारच्या ठेकेदाराकडे दोन रुपये जास्त मिळाले की निघून जातात. त्यांच्या हाताला आलेले कसब त्यांच्याबरोबर रेल्वेत बसून जाते. गेटवर अडून बसणारा आमचा कोअर शॉपवाला निदान राहणारा माणूस होता. त्याला त्या कारखान्यात आणखी दहा वर्षे काढायची होती, म्हणून तर त्याने हात टेबलावर ठेवला. ज्या शॉपमध्ये कुणीच कुरकुर करत नाही, तिथले सोडून गेलेल्यांचे रजिस्टर एकदा काढून बघा.

वाळूच्या त्या प्रकरणानंतर आम्ही केले ते थोडेच होते. दोन्ही मेमो मागे घेतले आणि शॉपमध्ये सगळ्यांसमोर तसे सांगितले. मालकांना ते जड गेले, पण त्यांनी सांगितले. वाळू गार करण्याची सोय नंतर झाली. तोवर एक सुईचा थर्मामीटर आणला आणि तो प्रयोगशाळेत न ठेवता मिस्त्रींकडे दिला. ते आधी वाळू मुठीत घेत, अंदाज सांगत, मग सुई खुपसत. डिप्लोमावाला मुलगा शेजारी वही घेऊन उभा असे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही. वर्षभराने तो मुलगाही आधी मूठ आवळू लागला होता.

गोशिमा आणि स्मॅक या गोकुळ शिरगाव व शिरोलीच्या कारखानदारांच्या आपल्या संघटनांना माझी एक विनंती आहे. व्यवस्थापकांसाठी प्रशिक्षणवर्ग होतात, त्यांत एखादे सत्र असे ठेवा, की ज्यात बोलणारे मोल्डर, फिटर आणि स्टोअरकीपर असतील आणि ऐकणारे आपण. आणि आपल्यापैकी कुणाच्या कारखान्यात येत्या काही महिन्यांत नवे यंत्र किंवा नवी पद्धत येणार असेल, तर मला बोलवा; मी मानधन घेणार नाही. अट एवढीच, की बैठक शॉपमध्ये घ्यायची, ऑफिसात नाही. नोटीस अजून टाइप झालेली नसावी. आणि पहिला अर्धा तास मालकांनी बोलायचे नाही. चहा मात्र त्यांनी पाजावा.

आपला,
एक निवृत्त कार्मिक व्यवस्थापक
कोल्हापूर